गाजरगवताचे रविवार

माझं पहिलं छापून आलेलं वाक्य असं होतं : ‘हातमोज्यांची वाट पाहू नका.’

तेव्हा मी बारावीला होते. गुलाबी कागदाचं पत्रक, वर ठळक अक्षरात ‘गाजरगवत हटवा’ आणि खाली माझा मजकूर. बाबांनी त्यातला एक शब्द बदलला नव्हता. एरवी ते माझ्या निबंधातली एक वेलांटी सोडत नसत. पत्रकाचा गठ्ठा मी सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि छावणीच्या बाजारात दुकानोदुकानी वाटला. शहराच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबाद असंच लिहिलेलं होतं. मी घरी आले ती हवेत तरंगतच.

आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, वाटायचे. पाण्याचं पत्रक, रेशनचं पत्रक, चहाच्या हॉटेलात काही लोकांसाठी वेगळा कप ठेवतात त्याच्या विरोधातलं पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या मोठ्या, काळ्या मथळ्यांवरून. जगात जे काही वाईट आहे त्याला एक कारण असतं, ते कारण शोधायचं, मोठ्या अक्षरात छापायचं आणि चौकात वाटायचं, एवढं माझं शिक्षण.

गाजरगवत तुम्ही पाहिलं असेल. गाजराच्या पाल्यासारखी पानं आणि वर पांढऱ्या फुलांचा बारीक चुरा. पाऊस संपत आला की आमच्याकडं रिकामी जागा म्हणून उरत नाही. खाम नदीचा काठ, शाळेचं मैदान, पडके बुरूज, सगळं पांढरं होतं. गुरं तोंड लावत नाहीत. बाबांनी त्यासाठी रविवार ठरवला होता. एक रविवार कब्रस्तान, पुढचा रविवार स्मशान. दोन्हीकडं तीच माणसं आणि तेच विळे. पंधरावीस जण यायचे. पहिल्या दिवसापासून त्यात बाबांचे दोस्त होते, छावणीतले शिंपीचाचा.

चाचांचं दुकान मिलिटरीचे गणवेश शिवायचं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अॅक्शनच्या वर्षी, लुटालुटीच्या भीतीनं, त्यांच्या अब्बांचं शिलाई मशीन काही महिने आमच्या आजोबांच्या घरात झाकून ठेवलेलं होतं. तेव्हापासूनचा हा घरोबा. त्याबद्दल दोन्ही घरांत कुणी फार बोलत नसे, पण ईदला शीरखुर्म्याचा डबा पहिला आमच्याकडं यायचा आणि दिवाळीला आई पहिला डबा तिकडं धाडायची. चाचा बाबांना मास्तर म्हणायचे, बाबा त्यांना उस्ताद.

हातमोज्यांची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. एका रविवारी ते एक पिशवी घेऊन आले. गणवेशाच्या उरलेल्या जाड खाकी कापडाचे त्यांनी हातमोजे शिवले होते, कोपरापर्यंत येणारे, दुहेरी शिलाईचे. प्रत्येकाला एक जोड.

बाबांनी हातात घेऊन पाहिले आणि परत पिशवीत ठेवले.

‘‘उस्ताद, हे नको.’’

‘‘का? माप चुकलं?’’

‘‘माप नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी या शहराची घाण नुसत्या हातांनी काढली, त्यांना कुणी मोजे दिले? आणि आपण साध्या गवताला हात लावायचा तर मोजे घालून? मला लाज वाटेल.’’

चाचा कमरेवर हात ठेवून हसले. ‘‘ओ मास्तर, ये घास हय जी. इसका उसूल नक्को बनाव. त्यांना दिले नाय म्हणून तुम्ही घालायचे नाय? मग त्यांनाबी देऊ की. माझं मशीन काय झोपलंय का?’’

सगळे हसले. बाबाही हसले, पण मोजे घातले नाहीत. मग बाकीच्या कुणी घातले नाहीत. शेवटी चाचांनीही स्वतःची जोड काढून पिशवीत टाकली. ‘‘सब शहीद होनेवाले हैं तो मैं अकेला क्या करूं,’’ म्हणाले आणि खाली बसून उपटायला लागले. पिशवी आमच्या घरी आली आणि दाराच्या मागच्या खुंटीला लटकली.

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. बाबांचं ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते आणखी धारदार केलं. ‘हातमोज्यांची वाट पाहू नका. ज्यांना कधी मोजे मिळाले नाहीत त्यांच्या हातांशी आपले हात जोडा.’ चाचांनी दिलेलं उत्तर मी पत्रकात घेतलं नाही. ते खरं होतं हे मला तेव्हाही जाणवलं असणार, कारण मी ते मुद्दाम गाळलं.

त्याच पावसाळ्यातला एक रविवार आठवतो. कब्रस्तानच्या भिंतीशी दोघं दम खात बसले होते. चाचांनी एका मोकळ्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं.

‘‘ही माझी जागा. कडुनिंबाखाली. अम्मीच्या बाजूला. मास्तर, मी आधी गेलो तर ही साफ करायची. पांढरी घास नको माझ्या डोक्यावर.’’

‘‘आणि मी आधी गेलो तर?’’

‘‘तर मी तुमच्या त्या स्मशानात येतो. पण तुमचं काय, धूर होऊन उडून जाणार. साफ करायला ठेवतच नाही तुम्ही काही.’’

दोघं हसत राहिले. पण उठताना बाबा म्हणाले, ‘‘दिला शब्द.’’ बाबांच्या तोंडून हे दोन शब्द सहज निघत नसत.

पुढच्या वर्षी बाबांच्या पापण्या सुजल्या. मग मान लाल झाली, मग कोपरांच्या आतली बाजू, गुडघ्यांच्या मागची, बोटांच्या बेचक्या. खाज अशी की ते खडू ठेवून फळ्याच्या लाकडी कडेवर हात घासायचे. आईनं वांगं बंद केलं, सुकी मासळी बंद केली. शेजारणीनं सांगितलं रक्त बिघडलंय, कडुनिंबाचा काढा द्या. करंजाचं तेल झालं, मुलतानी माती झाली. आईनं साबण चार वेळा बदलला. दर गोष्टीचं कारण चौकात जाऊन शोधणारं आमचं घर, पण कातडीचं कारण आम्ही स्वयंपाकघरात शोधत बसलो.

मग मेडिकलवाल्यानं एक नळी दिली. चिठ्ठी लागत नव्हती. ‘‘सर, लावून बघा, दोन दिवसांत साफ.’’ आणि खरंच साफ. बाबांचा चेहरा असा नितळ झाला की आई म्हणाली, दृष्ट काढायला पाहिजे. रविवारी बाबा पुन्हा कब्रस्तानात. पुन्हा सूज, पुन्हा नळी. अशी चार वर्षं. नळी संपली की मी सायकलवरून जाऊन नवी आणायचे.

नळीच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असायचा. इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. तेही पत्रकच होतं. ज्या घरात रस्त्यावर पडलेलं पत्रकसुद्धा उचलून वाचलं जायचं, त्या घरात मी तो कागद दर वेळी खोक्यासकट कचऱ्यात टाकला. मी मोठ्या अक्षरांवर वाढलेली मुलगी. एवढ्या लहान अक्षरांत कुणी काही खरं सांगत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यात लिहिलेलं होतं की हे औषध स्टेरॉइडचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्यावर लावायचं नाही, फार दिवस लावायचं नाही. आता मला त्या दुकानदाराचा राग येतो, ज्यांनी ती नळी बिस्किटाच्या पुड्यासारखी विकू दिली त्यांचा येतो. पण आणून दिली मी.

हळूहळू नळीनं काम करणं सोडलं. लावायची थांबवली की चेहरा आगीसारखा लाल व्हायचा. कातडी काही जागी पातळ, पारदर्शक झाली, आणि मान व हात मात्र हत्तीच्या चामड्यासारखे जाड, काळे. शाळेत कुजबुज सुरू झाली. एका पालकानं विचारलं म्हणे, सरांना महारोग तर नाही?

मी तावातावानं बाबांना म्हणाले, ‘‘उद्या शाळेत जाऊन सांगा, हा महारोग नाही. नाहीतर मी पत्रक काढते.’’

‘‘नाही काढायचं.’’

‘‘का?’’

‘‘मला तो नाही, हे ओरडून सांगायचं, म्हणजे ज्याला आहे त्याला दूर ठेवणं बरोबर, असं कबूल करायचं. मी ते करणार नाही.’’

ते शाळेत जात राहिले, काही न सांगता. एक दिवस मी त्यांचा विसरलेला डबा द्यायला गेले. शिक्षकांच्या खोलीत चहा चालू होता. सगळ्यांसमोर काचेचे ग्लास. बाबांचा मात्र स्टीलचा, खिडकीत वेगळा ठेवलेला, खाली लाल रंगाची खूण केलेला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि ग्लास उचलून शांतपणे प्यायला लागले. बाबांचं हॉटेलातल्या कपांवरचं पत्रक छापून आलं तेव्हा मी पहिलीत होते. मथळा अजून पाठ आहे : ‘वेगळा कप म्हणजे माणुसकीचा खून’. घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आले, बसून चालवता आली नाही.

शेवटी चाचांनी बाबांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, अक्षरशः हाताला धरून. मीही बरोबर होते. कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठ्या. त्यांनी आधी हात पाहिले नाहीत. विचारलं, ‘‘काका, रविवारी काय करता?’’

बाबांनी अभिमानानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग कातडीची चाचणी ठरली. पंधरा दिवस नळी पूर्ण बंद, नाहीतर निकाल खोटा येतो. त्या पंधरा दिवसांत बाबांचा चेहरा बघवत नव्हता, डोळे उघडत नव्हते, आई चमच्यानं पाणी पाजायची. मग पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत वेगवेगळे पदार्थ भरून पट्टीनं चिकटवले, सिमेंट, रबर, सुगंध, निकेल आणि गाजरगवत. दोन दिवसांनी पट्टी काढली. बाकी सगळ्या जागा कोऱ्या होत्या. एका चकतीखाली मात्र लालभडक, फोड आलेला गोल.

बाई समजावून सांगत होत्या. बाबा शाळकरी मुलासारखे ऐकत होते. रक्त बिघडलेलं नाही, जंतू नाहीत, हा रोग एकाकडून दुसऱ्याला होत नाही. शरीराचे पहारेकरी असतात. गाजरगवत पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, दहाव्यांदा कातडीला लागतं तेव्हा काहीच दिसत नाही, पण पहारेकरी त्याची ओळख करून घेत असतात. एकदा ओळख पटली की पुढं नुसता कण दिसला तरी ते हल्ला करतात, आणि त्यात होरपळते ती आपलीच कातडी. मग गवताला हात लावायचीही गरज उरत नाही. वाळलेल्या पानांची, फुलांची धूळ वाऱ्यावर येते आणि पापणीवर बसते, मानेवर बसते.

‘‘पूर्वी आम्हीही स्टेरॉइडच्या गोळ्याच द्यायचो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साखर वाढायची, हाडं ठिसूळ व्हायची. आता दुसरी गोळी आहे. दुसऱ्याची किडनी बसवली की शरीरानं ती नाकारू नये म्हणून देतात ना, तीच. पहारेकऱ्यांना शांत करते. पण दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. चुकवायचं नाही. आणि गवतापासून लांब. पावसाळ्यानंतर खिडक्या बंद, पूर्ण बाह्या, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. बाहेरून कुणीही आलं की आधी आंघोळ, मगच काकांजवळ.’’

‘‘आणि गवताचं काय करायचं?’’ बाबांनी विचारलं. स्वतःचं सोडून त्यांना गवताची पडली होती.

‘‘फुलावर यायच्या आधी उपटायचं, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट. हातमोजे आणि तोंडाला कापड. तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी टाका, तो त्याला वाढू देत नाही. मेक्सिकोतले भुंगे मिळतात आता, तेच गवत खाणारे, ते सोडा. फुलातलं गवत नुसत्या हातानं,’’ त्या थांबल्या, ‘‘ते करायचं नव्हतं.’’

चाचा भिंतीकडं बघत होते. एक वेळ अशी येते की ‘मी म्हणालो होतो’ म्हणायचा माणसाला पुरेपूर हक्क असतो. चाचा म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर पडताना मी मागं राहिले आणि बाईंना विचारलं, ‘‘त्यांनी पहिल्यापासून मोजे घातले असते तर?’’

‘‘सांगता येत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हात वाचले असते कदाचित. चेहऱ्याचं नाही सांगता येत.’’

मला हो किंवा नाही हवं होतं. हो म्हणाल्या असत्या तर मी गुन्हेगार ठरले असते, नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते. ‘सांगता येत नाही’ घेऊन मी अजून फिरते आहे.

गोळ्यांनी फरक पडला. सहा महिन्यांत बाबांच्या मानेचं चामडं मऊ झालं, ते रात्रभर झोपायला लागले. पण पावसाळा संपला की ते घरात बंद. पुढच्या खोलीच्या खिडकीला काच बसवली. चाचा रविवारी यायचे, आधी आमच्या अंगणातल्या नळावर हातपाय तोंड धुवायचे, आई धुतलेला कुर्ता द्यायची, तो घालून मग आत. ‘‘नमाजच्या आधी वुजू, मास्तरच्या आधी आंघोळ,’’ असं म्हणायचे. रविवारचं काम एकेक करून सगळ्यांनी सोडलं. कब्रस्तानही पांढरं झालं, स्मशानही.

अशाच एका भाद्रपदात चाचा गेले. दुकानात, मशीनवर बसल्या बसल्या. सकाळी निरोप आला, दुपारच्या नमाजनंतर दफन.

बाबा उठले आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागले. आई दारात उभी राहिली.

‘‘अहो, तिथं गुडघाभर फुलं आहेत. डोळे जातील तुमचे.’’

‘‘शब्द दिलाय.’’

‘‘ज्यांना दिलाय ते गेले.’’

‘‘म्हणून तर.’’

मी दाराच्या मागं गेले आणि खुंटीवरची पिशवी काढली. इतक्या वर्षांनी खाकी कापडाला कुबट वास येत होता, पण शिवण एकही उसवलेली नव्हती. मी एक जोड हातात चढवली, कोपरापर्यंत. बाबा बघत राहिले. मग ते खाटेवर बसले.

‘‘कडुनिंबाखाली,’’ ते म्हणाले. ‘‘अम्मीच्या बाजूला. मुळासकट काढ.’’

कब्र खोदणारे म्हातारेबाबा मला लहानपणापासून ओळखत होते. ‘‘मास्तर किधर?’’ त्यांनी विचारलं. मी हातमोजे दाखवले. ते काय समजले कुणास ठाऊक, बाजूला झाले. एका बाजूला ते माती काढत होते, दुसऱ्या बाजूला मी तोंडाला ओढणी बांधून गवत उपटत होते. खूप दिवस पाऊस नव्हता. माती दगडासारखी कडक झाली होती. झाड हातात यायचं आणि मूळ आतच तुटून राहायचं. मी विळ्यानं उकरत होते, पण जनाजा यायची वेळ झाली. वाटेपासून कडुनिंबापर्यंत आणि कब्रीच्या चारी बाजूंना जागा वर वर तरी मोकळी दिसत होती. माणसं आत यायला लागली तशी मी बाहेर निघाले.

फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडं एक रिक्षा उभी होती, दोन्ही बाजूंचे पडदे ओढलेले. एका पडद्याच्या फटीतून बाबांचे डोळे दिसत होते. आईनं त्यांना शेवटी एवढंच करू दिलं होतं. मी जवळ जायला निघाले. आईनं आतून हात हलवून मला थांबवलं. माझ्या अंगावर, केसांवर, ओढणीवर ती पांढरी धूळ होती. मी रस्त्याच्या अलीकडंच उभी राहिले. आत माणसं एकेक करून मूठ मूठ माती देत होती. बाबा एक मूठही देऊ शकले नाहीत.

घरी आल्यावर मी अंगणातल्या नळाखाली बसले. डोक्यावरून पाणी घेतलं, मोजे साबणानं घासले. खिडकीच्या काचेमागं बाबा उभे होते. काच लावल्यापासून पलीकडचा आवाज दबून येतो.

‘‘मुळासकट काढलंस ना?’’

‘‘हो, बाबा,’’ मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं. बत्तीस वर्षं त्यांनी मुलांची उत्तरं तपासली होती.

‘‘पाऊस पडला की परत जा,’’ ते म्हणाले. ‘‘माती ओली असताना.’’

हातमोजे कुठं वाळत घालावेत हे मला कळेना. आत, बाबांजवळ, घालता येत नव्हते. बाहेर, दोरीवर, वाऱ्यावर घातले तर पुन्हा तीच धूळ बसणार. मी ते तसेच ओले हातात धरून उभी राहिले.